लाल गाभा

मास्तर टेप घेऊन काचघरात शिरले तेव्हा ती अननसाची पानं पुसत होती. एका हातानं पान खालून धरायचं आणि दुसऱ्या हातातलं ओलं फडकं बुडापासून टोकाकडे न्यायचं. उलटं गेलं की कडेचे काटे बोटात शिरतात. तिनं मान वर केली नाही. मास्तरांनी टेपचं टोक दाराच्या चौकटीत अडकवलं, मागे मागे सरकत गेले आणि शेवटच्या कुंडीवर आपटले.

"ही कुंडी जरा बाजूला घे," ते पोटरी चोळत म्हणाले.

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"कसलं?"

"गाडी बसते का बघतोय."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या हातातली गाडी थांबवण्यात गेल्यामुळे त्यांना एक खोड जडली होती. समोर काही मनाविरुद्ध घडू लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबू लागे. आत्ताही दाबत होता. हिवाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राही. सकाळी पुढच्या काचेवर बर्फाचा थर, पहिल्या शिकवणीचा माणूस फाटकाशी हात चोळत उभा, आणि मास्तर वाकून काच खरवडताहेत, हे गल्लीला रोजचं झालं होतं. छप्पर घालण्याजोगी जागा मागच्या अंगणात एकच होती आणि तिथे अननस ठाण मांडून बसले होते. मास्तरांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही.

पण काचघर तिचं होतं. अण्णांनी, म्हणजे मास्तरांच्या वडिलांनी, तिच्या सासऱ्यांनी, ते खास तिच्यासाठी उभं केलं होतं. अण्णांची सगळी हयात खिडक्यांना काचा बसवण्यात गेली. लोकांनी काढून टाकलेलं तावदान त्यांनी कधी फेकून दिलं नाही, आणि त्या साठलेल्या तावदानांचंच हे काचघर झालं. एक काच कुणाच्या न्हाणीघरातली दुधी, एक निळसर, आणि दाराला लावलेली काच कुठल्याशा दातांच्या दवाखान्यातली. तिच्यावर अजून 'दंत' एवढंच शिल्लक होतं, आणि आतून बघितलं की तेही उलटं दिसे. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, म्हणून गल्लीत तिचं नाव चष्मेवाली पडलं होतं. सासऱ्या-सुनेचं काचेवरून जमलं, असं लोक थट्टेनं म्हणत. खरंच जमलं होतं.

ती लग्न होऊन इथे आली ती उबदार गावातून. तिच्या माहेरी अननस कुंपणाला लावत, गुरं आत येऊ नयेत म्हणून. फळ येई ते वर फुकटचं. इथे तिनं फळवाल्याकडून अननस आणला, त्याचा शेंडा पिळून काढला, थोडे दिवस वाळवला आणि कुंडीत रोवला, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. शेंडा रुजला. मग दुसरा, तिसरा. कुंड्या पाच झाल्या, पानं वाढून कमरेला लागू लागली, पण फळाचं नाव नाही. इथे आल्यापासून जाड मोजे, बंद खिडक्या, लवकर मावळणारा दिवस, सगळं तिनं कुरकुर न करता अंगवळणी पाडून घेतलं होतं. फक्त आपलं म्हणून एक काहीतरी या गावात फळावं, एवढं तिला हवं होतं, आणि ते तिला फार हवं होतं.

"किती वर्षं झाली यांना?" मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. "झाडं आहेत का पाहुणे? खातात, पितात, उबेला बसतात."

"पाहुण्यांना तुम्ही एवढं बोलत नाही."

"पाहुणे जातात तरी."

तिनं फडकं बादलीत आपटलं. पाणी मास्तरांच्या बुटांवर उडालं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "या हिवाळ्यात गाभा लाल दिसला नाही, तर मीच अण्णांना सांगून काचा उतरवते. मग ठेवा तुमची गाडी इथे आणि जेवायलाही तिच्यातच बसा."

अननसाला फूल धरायचं असलं की पानांच्या मधोमध, अगदी तळाशी, गाभा आधी लाल होतो. हे तिनंच मास्तरांना कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. आता तेच शब्द तिच्या तोंडून पैज होऊन बाहेर पडले आणि ते मागे घेता येण्याजोगे नव्हते. दारात अण्णा चहाचा कप घेऊन उभे होते.

"ऐकलंत ना अण्णा?" मास्तर म्हणाले. "तुम्ही साक्षीदार."

"मला यात ओढू नका," अण्णा म्हणाले. "मीही हल्ली काही ओढत नाही."

तिला हसू आलं. पैज लावून बसल्याची धास्ती होती, तरी आलं.

अण्णांच्या या विनोदामागे एक लांबलचक आजारपण होतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात नाकात नळी घालून पडलेल्या अण्णांच्या उशाशी तीच बसून होती. घरी आल्यावर डॉक्टरांनी सिगरेट बंद केली, आणि बापाला एकट्याला जड जाऊ नये म्हणून मास्तरांनीही आपलं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. दोन्ही पाकिटं तिनं कचऱ्याच्या गाडीत स्वतः नेऊन टाकली. तेव्हापासून या घरात कुणी काडी ओढायची ती फक्त गॅससाठी. आपण बाहेरून आलेली, तरी आपल्या शब्दाला घरानं मान दिला, याचा तिला केवढा अभिमान होता.

थंडी वाढली. संध्याकाळी दुकानातून आली की ती आधी काचघरात जाई, गरम पाण्याच्या बाटल्या कुंड्यांच्या मधे ठेवी, छपराच्या आतून जुन्या गोधड्या ताणून बांधी. मग दुकानातलं भिंग डोळ्याला लावून एकेका कुंडीवर वाके, पानं हलकेच फाकवी आणि तळाशी बघे. हिरवं. पुढची कुंडी, हिरवं. वास घेऊन काही कळावं अशी सोय नव्हती. उबदार गावातलं तिचं नाक इथल्या थंडीला कधी सरावलंच नाही, आणि हिवाळाभर ते चोंदलेलंच असे. अण्णा दारात उभे राहून विचारत, "काय म्हणतंय?" ती म्हणे, "काही म्हणत नाहीये." मास्तर काही विचारत नसत. हिवाळा उताराला लागला तसे त्यांनी छपराचे पत्रे आणून भिंतीला टेकवून ठेवले. ती रोज त्या पत्र्यांकडे बघायचं टाळत कामाला जाऊ लागली. शब्द दिला होता, आता कुणाला बोलणार?

आणि एका सकाळी, बाहेर मास्तर गाडीची काच खरवडत असताना, भिंगाखाली तिला लाल दिसलं.

तिनं भिंग पुसलं. डोळा पुसला. परत बघितलं. नखाएवढं, पण लाल, चांगलं ठसठशीत लाल. ती दुसऱ्या कुंडीवर वाकली. लाल. तिसरी. चौथी. पाचवी कुंडी तर अगदी कोवळी, एका मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू वेगळं करून लावलेलं. तिथेही लाल.

"अण्णा!" ती एवढ्यानं ओरडली की छपराच्या काचा थरथरल्या. "अहो! अण्णा!"

अण्णा एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा अवतारात धावत आले. मागून मास्तर आले, हातात काच खरवडायची पट्टी. त्यांनी बघितलं. कोन बदलून बघितलं. त्यांचा उजवा पाय जमीन दाबू लागला, पण गाडी काही थांबण्यातली नव्हती.

"पानाचा रंग उडाला असेल," ते म्हणाले.

"उडाला की चढला?" अण्णा म्हणाले. "नीट बघ. तुझे डोळे तपासायला दुकान घरातच आहे."

तासाभरात निम्मी गल्ली अंगणात जमा झाली. जे हसले होते ते आधी आले. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं मी तेव्हाच म्हटलं होतं. ज्यानं हे म्हटलं त्यानं तेव्हा काय म्हटलं होतं ते तिला नीट आठवत होतं, पण आज तिला सगळ्यांना सगळं माफ होतं. जाता जाता तिनं पत्र्यांकडे बोट दाखवलं.

"हे तुम्हीच परत करून या हं," ती मास्तरांना म्हणाली. "मला दुकानात घाई आहे."

त्या दिवशी चष्मा न्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी अननस ऐकावा लागला. लांबचं वाचायला अडचण असलेल्या एका गृहस्थांना तर तिनं कागदावर गाभ्याचं चित्र काढून दाखवलं. मालक हसून म्हणाले, आज काचा बेतानं घास, पाय जमिनीवर दिसत नाहीत. खरंच दिसत नव्हते. इतकी वर्षं या गावात ती चालत होती ती जरा दबकत, दुसऱ्याच्या घरात चालावं तशी. त्या संध्याकाळी घरी येताना ती रस्त्याच्या मधून चालत आली.

सुट्टीच्या दिवशी तिनं रोपवाल्या बाईंना बोलावलं. गावाबाहेर त्यांची नर्सरी होती. काचघराची माती, खत, सगळं ती त्यांच्याकडूनच आणी. बाई आल्या, चष्मा कपाळावर चढवून एकेक कुंडी बघत गेल्या, आणि पिल्लाच्या कुंडीपाशी थांबल्या. मास्तर आत स्वयंपाकघरात जेवत होते. अण्णा झारीत पाणी भरत होते.

"छान," बाई म्हणाल्या. "धूर कधी केलात?"

"धूर?"

"केला असणारच की. अननस भारी हट्टी. पण बंद जागेत धूर कोंडला की याला फूल धरतं. धुरात तसा वायूच असतो. मोठ्या बागांत पूर्वी ओला पाला जाळून मुद्दाम धूर करायचे."

"नाही हो बाई. मी धूर नाही केला. थंडीनं आलं असेल."

"थंडीनं कधीकधी येतं. पण मग आधी मोठ्याला आलं असतं, बाकीची मागून. इथे सगळी एकदम. आणि हे पोर बघा, याचं वय आहे का फुलायचं?" बाईंनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे मान केली. "त्या स्टुलाच्या बाजूचं झाड तर सगळ्यांत पुढे गेलंय. कुणीतरी धूर केलाय, आणि एकदा नाही, बरेचदा."

"आमच्याकडे धूर करणारं आहे कोण," ती हसत म्हणू लागली आणि मधेच थांबली. झारी भरून पाणी अण्णांच्या पायांवर सांडत होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

बाई गेल्यावर ती तशीच काचघरात उभी राहिली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत ताटाचा आवाज येत होता.

"अण्णा."

"हं."

"तुम्ही ओढता?"

अण्णांनी दाराच्या काचेवरच्या उलट्या अक्षरांकडे बघितलं. जसं काही उत्तर तिथे लिहिलेलं होतं.

"हो," ते म्हणाले.

ते नाही म्हणतील अशी तिनं तयारी ठेवली होती. नाही म्हणतील, मग आपण चिडू, मग ते कबूल होतील. एवढं सरळ 'हो' ऐकायची तयारी नव्हती.

"इथे बसून?"

"दुपारी. तू दुकानात असतेस तेव्हा."

"मी तुमच्या उशाशी बसले होते, अण्णा," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढत गेला. "तुमचा श्वास मोजत बसायची मी! एक गेला की दुसरा येतो का बघत! तुम्हाला घरी आणलं तेव्हा मला वाटलं, मी काहीतरी केलं. माझं ऐकलं कुणीतरी. आणि तुम्ही इथे, माझ्या झाडांत बसून..."

स्वयंपाकघरातला ताटाचा आवाज बंद पडला होता. अण्णा ओल्या पायांनी आत निघून गेले.

मग अबोला. अण्णांना चहा वेळेवर मिळे, पण कप ठेवताना ती समोर बघत नसे. काचघरात लाल गाभे वर येऊ लागले, त्यांची कणसं झाली, कणसांवर जांभळी फुलं उमलू लागली. येणारेजाणारे वाहवा करीत आणि ती मान डोलवी. पण जिंकल्याची सगळी चव गेली होती. ज्यासाठी ती इतकी वर्षं वाट बघत होती ते अण्णांच्या छातीच्या मोबदल्यात आलं, असं तिला वाटे आणि फुलाला हात लावावासा वाटेना. मास्तर त्या दिवसांत फारच निमूट झाले होते. भांडी घासत, न सांगता कुंड्यांना पाणी घालत. तिला वाटलं, हरल्यामुळे असेल.

अखेर तिनं अण्णांना दवाखान्यात नेलं. अण्णा नको नको म्हणत होते. तिनं त्यांचा कोट त्यांच्या हातात दिला आणि फाटक उघडून उभी राहिली. डॉक्टरांनी छाती ऐकली, यंत्राच्या नळीत फुंकर मारायला लावली, पुन्हा लावली आणि आकड्यांकडे बघून भुवया उंचावल्या.

"बरंच सुधारलंय," ते म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा किती तरी. असंच चालू ठेवा."

"डॉक्टर, ते ओढतात," ती म्हणाली. "यांना जरा बोला."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात."

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं, मग पुन्हा आकड्यांकडे. "काहीतरीच. रोज ओढणाऱ्या माणसाची अशी फुंकर येतच नाही. यांनी दवाखाना सोडल्यापासून एकही ओढलेली नाही, मी लिहून देतो." मग अण्णांना म्हणाले, "काय हो आजोबा, लोक ओढून नाही म्हणतात. तुम्ही उलटेच."

बसच्या थांब्यावर दोघं बाकावर बसली. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. घरात माणसं तीन. त्यांतली एक ती स्वतः. दुसरे हे असे तिच्या शेजारी बसलेले, लहान मुलासारखे स्वच्छ फुप्फुसांचे. दुपारच्या वेळी कुणाला शिकवण्या नसतात? कुणाला कपड्यांना सिगरेटचा वास आला तरी 'शिकणारी पोरं ओढतात, मी काय करू' असं सांगून सुटता येतं? काचघर नको, काचघर नको म्हणून कोण जीव खात होतं? आणि रोज दुपारी त्याच काचघराची ऊब घेत, तिच्या अननसांना फूल येईल अशी चोख व्यवस्था कोण करत होतं?

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलू लागले, मग ती इतकी मोठ्यानं हसली की थांब्यावरची माणसं सरकून बसली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला.

"तुम्ही का घेतलंत अंगावर?" ती डोळे पुसत म्हणाली.

"तू माझ्यावर रागावलीस तरी चहा देतेस," अण्णा म्हणाले. "त्याच्यावर रागावलीस तर घरात काचा फुटल्या असत्या. आता माझे हात कापतात पोरी, त्या बसवल्या कुणी असत्या?"

"पण तुम्हाला ठाऊक होतं."

"तो फाटकाबाहेर थंडीत उभा राहून ओढायचा. कुडकुडत. मला बघवेना, शेवटी बाप आहे. म्हटलं, ओढायचीच तर आत बस. त्या धुराचं काही असतं हे मला काय माहीत?" ते जरा थांबले. "बोलणार आहेस त्याला?"

बस आली होती. तिनं अण्णांचा हात धरून त्यांना चढवलं.

"बघू," ती म्हणाली.

उन्हाळा सरत आला तेव्हा पहिला अननस पिवळा झाला, पाठोपाठ बाकीचे चारही. त्यांच्या वासानं तिचं नाक जागं झालं. सकाळी दार उघडलं की माहेरच्या कुंपणाचा वास थेट अंगावर येई. तिनं सगळ्या गल्लीला बोलावलं. अंगणात टेबल मांडलं, रोपवाल्या बाईंना मधली खुर्ची दिली, अण्णांनी धुतलेला सदरा घातला. तिनं स्वतःच्या हातानं पहिला देठ कापला, फळ उभं धरलं आणि सुरी चालवली. मग फोडी वाटल्या गेल्या आणि कुणाचं कुणाकडे लक्ष राहिलं नाही. ज्या शेजाऱ्यानं सगळ्यांत मोठ्यानं हसून घेतलं होतं त्यानं तीनदा ताटली पुढे केली. तिनं तीनदा वाढलं. याहून गोड सूड तिला सुचत नव्हता.

"मास्तर, मग गाडीचं काय?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"फाटक जरा पुढे सरकवलं की तिथेच जागा होते, अण्णा वर काचेचं छप्पर घालून देणारेत," मास्तर म्हणाले. "मी हाताखाली. हात कापतात म्हणून सांगतात, पण हुकूम सोडताना नाही कापत."

"पण चष्मेवाली," एका बाईंनी विचारलं, "सगळ्या झाडांना एकदम फळ कसं आणलंत? आम्हाला पण सांगा की."

तिनं सुरी टेबलावर ठेवली. अण्णांनी खाली मान घालून फोड चघळायला सुरुवात केली.

"खरी मेहनत ह्यांची," ती म्हणाली. "मी दिवसभर दुकानात. दुपारी यांना जरा मोकळा वेळ मिळाला की घरात पाठ टेकायची सोडून हे काचघरात झाडांपाशी बसून असायचे. रोज. न चुकता. कधी बोलून दाखवलं नाही. आज मला राहवत नाही म्हणून सांगते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांच्या तोंडात फोड तशीच होती. ती त्यांना गिळताही येईना आणि बोलताही येईना, आणि कानाच्या पाळ्या गाभ्यासारख्या लाल झाल्या होत्या. रोपवाल्या बाईंना एकदम ठसका लागला. त्यांना पाणी द्यावं लागलं.

सगळे पांगल्यावर अंगणात ऊन कलतं झालं होतं. मास्तर ताटल्या विसळत होते, ती पुसून रचत होती.

"कधी कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"दवाखान्यात."

"म्हणजे तेव्हा तर फुलंसुद्धा पुरती उमलली नव्हती."

"हो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"फळ पिकायचं होतं," ती म्हणाली.

मास्तरांनी नळ बंद केला.

"मी सोडली," ते म्हणाले. "तू अण्णांवर ओरडलीस ना, मी आत जेवत होतो. अण्णा हो म्हणाले ते मी ऐकलं. घास हातातच राहिला. उठून सांगायला पाहिजे होतं, माझ्याच्यानं उठवलं नाही. पण त्या दिवसापासून एकही नाही. आता तू म्हणशील, याच्यावर विश्वास कोण ठेवील."

"ठेवलाय मी."

"असाच?"

"असाच कशाला?"

तिनं हात पुसले आणि त्यांना काचघरात नेलं. कोपऱ्यात, स्टुलाला अगदी खेटून, सहाव्या कुंडीत एक मोठा अननस होता. मास्तरांनी त्यालाही बाकीच्यांबरोबर पाणी घातलं होतं, पण तो कुठून आला हे कधी विचारलं नव्हतं.

"दवाखान्यातून आल्यावर मी हा बाईंकडून आणला," ती म्हणाली. "पुरता वाढलेला. बाई म्हणाल्या, याला नुसता धूर लागायचा अवकाश, महिना-दीड महिन्यात लाल होईल. म्हणून तुमच्या जागेपाशी ठेवला. उन्हाळाभर रोज बघतेय मी."

तिनं खिशातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. मास्तर वाकले. त्यांनी पानं फाकवली, चुकीच्या बाजूनं, काटा बोटात गेला, तरी हात काढला नाही. बराच वेळ ते तळाशी बघत राहिले. हिरवं होतं. कोवळं, स्वच्छ हिरवं, कुठे लालीचा मागमूस नव्हता.

"काहीच नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही," ती म्हणाली. त्या पाच फळांनी झाला नव्हता एवढा आनंद तिला त्या वांझोट्या हिरव्या गाभ्यानं झाला होता, आणि तो तिला लपवता येत नव्हता.

तेवढ्यात अण्णा दारात आले. त्यांनी दोघांकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं.

"सगळ्यांना फळं आली," ते म्हणाले. "याचं काय? याला जरासा धूर द्यायचा का ओल्या पाल्याचा?"

"राहू दे हो अण्णा," मास्तर म्हणाले. "घाई काय आहे."